सरासरीपलीकडचा पाऊस : हवामान बदलाच्या प्रश्नाचा आढावा

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्याच दिवशी, त्याच शहरात, कुलाब्याच्या वेधशाळेतला आकडा ७५ मिलिमीटरच्याही आत होता. दोन्ही नोंदी खऱ्या. पण त्यांची सरासरी काढून जो पाऊस हाती येतो, तो ना मिठी नदीकाठच्या घरांत शिरला, ना कुलाब्याच्या रस्त्यावर पडला.

हवामान बदलाची चर्चा बहुतेक वेळा सरासरीच्या भाषेत चालते. पृथ्वीचे सरासरी तापमान, मान्सूनचा सरासरीच्या अमुक टक्के पाऊस, दरडोई सरासरी उत्सर्जन. दीर्घकाळाचा कल शोधायचा तर शास्त्राला सरासरीवाचून गत्यंतर नाही. पीक मात्र जाते ते सरासरी सोडून पडलेल्या पावसाने आणि सरासरी सोडून पडलेल्या उन्हाने. या प्रश्नाची कारणे, परिणाम आणि त्यावरचे उपाय आज कुठवर आले आहेत, कोणत्या गोष्टींवर एकमत झाले आहे आणि कुठे अजून मतभेद आहेत, हे महाराष्ट्र नजरेसमोर ठेवून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

पार्श्वभूमी

हा विषय अलीकडचा वाटतो, पण त्याचे मूळ दोनशे वर्षे जुने आहे. वातावरण पृथ्वीची उष्णता धरून ठेवते, ही कल्पना फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये याने १८२४ मध्ये मांडली. १८५६ मध्ये अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापली आणि सावलीत नेल्यावर निवायलाही तिला जास्त वेळ लागला. तीन वर्षांनी जॉन टिंडल यांनी हे वायू उष्णता शोषतात हे प्रयोगशाळेत मोजून दाखवले. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांते अर्‍हेनियस यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, याचे गणित हाताने मांडले.

पुढची मोठी पायरी मोजणीची होती. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ येथे हवेतला कार्बन डायऑक्साइड रोज मोजायला सुरुवात केली, तेव्हा तो दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होता. औद्योगिक क्रांतीपूर्वी तो २८० च्या आसपास होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे.

या इतिहासात भारतीय मान्सूनचा वाटा मोठा आहे. भारतीय हवामान विभाग १८७५ मध्ये स्थापन झाला. पाठोपाठ आलेल्या १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर पावसाचा अंदाज आधी कसा बांधता येईल याचा ध्यास सुरू झाला आणि हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फावरून पहिला दीर्घकालीन अंदाज दिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिल्बर्ट वॉकर यांनी आपल्या मान्सूनचे नाते थेट प्रशांत महासागरावरील हवेच्या दाबाशी जोडून दाखवले. आज आपण ज्याला एल निनो म्हणतो, त्याची अर्धी गुरुकिल्ली अशी दुष्काळाच्या शोधातून हाती आली. पुण्यात १९६२ पासून काम करणारी भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था ही त्याच वाटेवरची.

कारणे : जे ठरले आहे

कारणांच्या बाबतीत आज शास्त्रात मोठा वाद उरलेला नाही. कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळणे हे मुख्य कारण. त्याला जंगलतोड, सिमेंटनिर्मिती आणि मिथेन यांची जोड आहे. मिथेन येतो तो तेलवायूच्या विहिरींतून, गुराढोरांच्या पोटातून, साचलेल्या पाण्यातल्या भातशेतीतून आणि कचऱ्याच्या डोंगरांतून. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये स्थापन झालेल्या हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीने २०२१ च्या अहवालात, माणसामुळेच वातावरण, समुद्र आणि जमीन तापली आहे, हे निःसंदिग्ध असल्याचे नोंदवले.

दुसरी बाजूही नीट मांडायला हवी. सूर्याचे तेज कमीजास्त होते, ज्वालामुखी उसळतात, हिमयुगे माणसाशिवाय आली आणि गेली, असे आक्षेप अनेक वर्षे घेतले गेले आणि ते तपासणे आवश्यकच होते. तपासाअंती उत्तर मिळाले. सूर्य जास्त तापल्यामुळे हे घडत असते तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि त्यावरचा थंड होतो आहे. उष्णता खालीच अडवली जात असल्याची ही खूण आहे. हवेत वाढलेला कार्बन जुन्या, जमिनीत गाडलेल्या इंधनाचा आहे, हेही त्याच्या अणूंच्या तपासणीतून कळते.

२०२४ हे औद्योगिकपूर्व काळाच्या तुलनेत दीड अंशाच्या वर गेलेले पहिले वर्ष ठरले. एका वर्षाने पॅरिस कराराची मर्यादा ओलांडली असे होत नाही, कारण ती अनेक वर्षांच्या सरासरीवर ठरते. पण अंतर किती कमी उरले आहे, ते यातून कळते.

मान्सून : चर्चेचे खरे मैदान

तापमानाकडून पावसाकडे वळले की चित्र गुंतागुंतीचे होते. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे पाऊस पडायला उशीर लागू शकतो आणि पडतो तेव्हा तो कोसळतो.

केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारताविषयीचा पहिला सविस्तर हवामान बदल अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात मान्सूनचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला आणि ही घट गंगेच्या खोऱ्यात व पश्चिम घाटात ठळक होती. जवळपास त्याच काळात मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. एकूण पाऊस कमी आणि अतिवृष्टी जास्त, ही दोन विधाने एकत्र वाचली की शेतकरी गेली काही वर्षे पारावर बसून जे सांगतो आहे त्याला शास्त्राची पुष्टी मिळते. पावसाचे दिवस कमी, पण पडला की कोसळतो.

पुण्यातील संशोधक रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिप्पट झाल्या आहेत. या पट्ट्यात महाराष्ट्रही येतो. त्यांच्या मते तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे लोट हे त्यामागचे कारण आहे.

मतभेद आहेत ते पुढच्या टप्प्यावर. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मान्सून का घटला? काही अभ्यासक धूर, धूळ आणि काजळीच्या कणांना जबाबदार धरतात. हे कण ऊन अडवतात, जमीन पुरेशी तापू देत नाहीत आणि मान्सूनचा जोर कमी होतो. इतर अभ्यासक हिंदी महासागराच्या जलद तापण्याकडे बोट दाखवतात, कारण समुद्र आणि जमीन यांच्या तापमानातला फरकच मान्सूनला ओढून आणतो. २००२ नंतर पाऊस पुन्हा सावरल्याचे दाखवणारे अभ्यासही आहेत. संगणकीय प्रारूपे बहुतांशी सांगतात की या शतकात मान्सूनचा एकूण पाऊस वाढेल. पण तो लातूरला किती आणि चिपळूणला किती, हे सांगण्याइतकी बारीक नजर त्यांना अजून आलेली नाही.

एखादी घटना हवामान बदलामुळेच झाली का, याचेही शास्त्र आता उभे राहिले आहे. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये भारत-पाकिस्तानात आलेल्या उष्णतेच्या लाटेची शक्यता माणसाच्या हस्तक्षेपाने सुमारे तीसपट वाढली, असा निष्कर्ष निघाला. २०१५ च्या चेन्नईच्या महापुरात मात्र संशोधकांना तसा स्पष्ट ठसा सापडला नाही आणि त्यांनी तसे जाहीरही केले. उष्णतेबाबत शास्त्र ठामपणे बोलू शकते, पावसाबाबत ते जपून बोलते. हा फरक वाचकानेही लक्षात ठेवायला हवा.

परिणाम : शेत, डोंगर, किनारा, शहर

आपल्याकडे पावसाचे पंचांग नक्षत्रांवर चालते. मृग लागला की शेतकरी तिफण बाहेर काढतो. कृषी विभाग सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. पण पहिल्या सरीने माती ओली झाली आणि शेजाऱ्याने पेरले की थांबणे अवघड होते. पेरल्यावर पावसाने तीन आठवडे दडी मारली की कोंब जमिनीतच करपतात आणि दुबार पेरणी येते. बियाणे, खत, मजुरी, सगळे पुन्हा. तेच सोयाबीन काढणीला आले असताना पाऊस लागून राहिला तर शेंगेतल्या दाण्यांना उभ्या झाडावरच मोड येतात. वार्षिक नोंदीत हे साल 'सरासरीइतका पाऊस' असे दिसू शकते.

कोकणात हापूसचे गणित थंडीवर आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात थंडी नीट पडली की मोहोर येतो. थंडी लांबली की मोहोर लांबतो. थंडी पुन्हा आली तर झाडाला पुनर्मोहोर येतो आणि झाड नव्या मोहोराकडे अन्नरस वळवून आधी धरलेली कैरी गाळून टाकते. मधेच अवकाळी पाऊस झाला तर तुडतुडे आणि भुरी. मार्चमध्ये ऊन तापले तर फळात साका. बागायतदाराच्या फवारण्या वाढतात, पेट्या घटतात. नाशिककडे द्राक्षाचे मणी तयार होत असताना पाऊस पडला की मणी तडकतात आणि एका रात्रीत बाग हातची जाते.

टोकाच्या दोन्ही बाजू या राज्याने पाठोपाठ पाहिल्या आहेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. ऑगस्ट २०२३ हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत आला, इतक्या लवकर तो नोंदींच्या इतिहासात कधी आला नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरात दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मराठवाड्यात शेते पाण्याखाली गेली आणि पिकांबरोबर मातीही वाहून गेली.

सह्याद्रीत २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वेळी चिपळूण बुडाले आणि महाडजवळच्या तळिये गावावर दरड आली. त्याआधी २०१४ मध्ये माळीण आणि नंतर २०२३ मध्ये इर्शाळवाडी. किनाऱ्यावर जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगडात नारळ-सुपारीच्या वाड्या झोपवल्या. सुपारीचे झाड पुन्हा फळाला यायला वर्षे लागतात, त्यामुळे त्या नुकसानीची मोजदाद एका पंचनाम्यात संपत नाही. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ नंतर वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढते आहे.

उष्णतेचे नुकसान सर्वांत कमी दिसते आणि सर्वांत कमी नोंदले जाते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला मोकळ्या मैदानावरील एका कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी आसपासच्या नोंदकेंद्रांवर पारा चाळिशीच्या आत होता. दमट हवेत घाम वाळत नाही आणि कमी तापमानही जिवावर बेतते. बांधकामावर, यंत्रमागावर, उसाच्या फडात राबणाऱ्यांसाठी हा रोजचा धोका आहे.

जबाबदारी कोणाची : चार भूमिका

पहिली भूमिका ऐतिहासिक न्यायाची. आजवर साठलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे, भारताचा ४ टक्क्यांच्या आसपास. भारताचे दरडोई उत्सर्जन वर्षाला सुमारे २ टन आहे, अमेरिकेचे त्याच्या सात पट. १९९१ मध्ये अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी गरिबाच्या भातखाचरातला मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एकाच तराजूत तोलता येणार नाही, हा मुद्दा मांडला. जबाबदारी सामाईक पण वेगवेगळी, हे तत्त्व १९९२ च्या रिओ परिषदेतील करारात आले आणि भारत त्यावर ठाम आहे.

दुसरी भूमिका वर्तमानाकडे पाहते. आज चीन आणि अमेरिका यांच्यानंतर सर्वाधिक उत्सर्जन भारताचे आहे. विकसनशील मोठ्या देशांनी आपल्या उत्सर्जनाची वाढ आवरली नाही तर श्रीमंत देशांनी उत्सर्जन शून्यावर आणूनही तापमानवाढ थांबणार नाही. हे गणित नाकारता येत नाही.

तिसरी भूमिका देशाच्या आत डोकावते. दरडोई २ टन ही भारताची सरासरी आहे. महानगरातले वातानुकूलित घर आणि नंदुरबारच्या पाड्यावरची झोपडी त्या आकड्यात एकत्र येतात. जगाकडे मागितलेला न्याय आपण आपल्या राज्यात, जिल्ह्यात कसा वाटणार, असे ही मंडळी विचारतात.

चौथी भूमिका विशेषतः महाराष्ट्रात ऐकू येते. पूररेषेत बांधकामे, बुजवलेले ओढे, डोंगर कापून काढलेले रस्ते, कमी पावसाच्या प्रदेशात ऊस, ही आपली पापे हवामान बदलाच्या नावावर खपवली जात आहेत, असे तिचे म्हणणे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्येच पश्चिम घाटातील नाजूक भाग जपण्याची शिफारस केली होती. ती स्थानिकांच्या उपजीविकेवर घाला घालणारी आहे, असा विरोधही झाला. नंतरच्या कस्तुरीरंगन समितीने संरक्षित क्षेत्र कमी सुचवले, तरी वाद मिटला नाही. माझ्या मते ही चौथी भूमिका आधीच्या तिघींना खोडत नाही. नवा पाऊस जुन्या चुकांवर पडतो, म्हणून नुकसान एवढे मोठे होते.

प्रतिसाद : करारापासून शिवारापर्यंत

जागतिक पातळीवर १९९७ च्या क्योटो कराराने फक्त विकसित देशांवर बंधन घातले. २०१५ च्या पॅरिस कराराने प्रत्येक देशाला स्वतःचे उद्दिष्ट ठरवायला सांगितले. २०२२ मध्ये नुकसानभरपाईच्या निधीला तत्त्वतः मान्यता मिळाली. २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत जीवाश्म इंधनापासून दूर जाण्याची भाषा प्रथमच ठरावात आली. २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे उद्दिष्ट ठरले. ते फार तुटपुंजे असल्याची हरकत भारताने तिथेच नोंदवली.

भारताने २००८ मध्ये आठ अभियानांची राष्ट्रीय कृती योजना आणली आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन २०२१ मध्ये दिले. वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मा वाटा जीवाश्मेतर स्रोतांचा करण्याचे २०३० चे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले. प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेपैकी मात्र ७० टक्क्यांच्या आसपास अजून कोळशाचीच आहे. क्षमता आणि निर्मिती यांतला हा फरक दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांत अनेकदा सोईने विसरला जातो. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेत शोधला. तो निकाल माळढोक पक्षी आणि सौरऊर्जेच्या वीजवाहिन्या यांच्या संघर्षातून आला, ही गोष्ट पुढच्या पेचांची चाहूल देते.

महाराष्ट्रात जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुमारे पाच हजार गावांत राबवला गेला. मुंबईने मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा जाहीर करून २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले. २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष खारफुटी सांभाळतो. शेतीच्या वीजवाहिन्या सौरऊर्जेवर नेण्याचे काम चालू आहे, त्यामुळे रात्री साप-विंचवांच्या भीतीत पाणी धरण्याऐवजी दिवसा सिंचन शक्य होते. पाण्याच्या कामांवर मतभेद आहेत. शेततळ्याने दुष्काळात बाग तगते, असे शेतकरी सांगतो. प्लास्टिक अंथरून भूजल उपसून भरलेले शेततळे शेजाऱ्याची विहीर आटवते, असे भूजलतज्ज्ञ सांगतात. दोघांचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे.

मदतीची व्यवस्था जवळून पाहिली की सरासरीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी. एका मंडळात अनेक गावे येतात आणि अधिकृत पर्जन्यमापक बहुधा एकच असतो. ढग एका शिवारावर फुटला आणि यंत्र दहा किलोमीटर दूर असले तर तिथे ४० मिलिमीटरच दिसतात. पीक डोळ्यांसमोर आडवे झालेले असते, पण कागदावर अतिवृष्टी नसते. मग पंचनाम्यासाठी अर्ज, फोटो, हेलपाटे. सांताक्रूझ आणि कुलाब्याचीच ही कथा, फक्त ती गावागावात घडते.

जे अजून सुटलेले नाही

चार प्रश्न उघडे आहेत. पहिला, तालुक्याच्या पातळीवर पुढच्या वीस-तीस वर्षांत पाऊस कसा असेल. दुसरा, कोळशावर जगणाऱ्यांचे काय. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राची राख आणि उष्णता तिथले लोक सोसतात, त्यांचा रोजगारही त्याच केंद्रावर आणि खाणींवर आहे. तिसरा, हरित ऊर्जेची किंमत कोण मोजणार. सौरप्रकल्पांना माळराने लागतात आणि सह्याद्रीतील उदंचन जलविद्युत प्रकल्पांना जंगल. चौथा, नुकसान मोजायचे कसे. वाहून गेलेली माती, ऊसतोडीला जाताना शाळा सुटलेले मूल, कर्जापायी मोडलेले घर, यांचा रकाना आजच्या पंचनाम्यात नाही.

या प्रश्नांची उत्तरे येईपर्यंत थांबता येणार नाही आणि थांबण्याची गरजही नाही. कारण कोणते ते कळले आहे, धोका कोणत्या दिशेने वाढतो आहे तेही कळले आहे. उत्सर्जन जगाने मिळून कमी करायचे आहे आणि त्यात आपला वाटा उचलायचाच आहे. पण ओढे मोकळे करणे, धोक्याच्या उतारावरची वस्ती वेळेत हलवणे, उन्हातल्या कामाच्या वेळा बदलणे आणि गावाचा पाऊस गावात मोजणे यासाठी कुठल्याही जागतिक परिषदेची वाट पाहावी लागत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये गाव स्वतःचा पाऊस मोजते, त्यावरून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि यंदा कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरवते. कमी पावसाच्या त्या गावात शेतीसाठी बोअरवेल आणि ऊस यांना मनाई आहे. जिल्ह्याच्या सरासरीवर त्यांनी आपले शिवार सोपवले नाही. आपल्या गावात गेल्या वर्षी नेमका किती पाऊस पडला, हे येत्या ग्रामसभेत विचारा. उत्तर मिळाले नाही, तर पर्जन्यमापक बसवण्यापासून सुरुवात करा.